निरोगी माणसाचा बीपी दिवसभर वरखाली का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला नर्सिंगच्या पोरींना फिजिओलॉजी शिकवते आणि गाव औसा तालुक्यात, त्यामुळं सुट्टीला घरी गेलं की ओट्यावर बसल्या बसल्या निम्म्या गल्लीचा बीपी मोजून होतो. मशीन माझं, चहा काकूचा. तिथले प्रश्न आणि वर्गातले प्रश्न जवळपास तेच असतात, फक्त भाषा वेगळी, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय. हे ज्यांना बीपीचा आजार नाही त्यांच्यासाठी आहे. गोळ्या चालू असतील तर वाचा खुशाल, पण हे वाचून गोळी कमीजास्त करू नका.

सकाळी १३२, दुपारी ११२, रात्री १२०. मशीन बिघडलंय का?

बहुतेक नाही. ज्यांच्या रानात ठिबक आहे त्यांना हे लगेच कळतं. फिल्टरपाशी प्रेशरचा गेज असतो बघा, विहीर तीच मोटर तीच, पण एकच वॉल्व्ह उघडा असला की काटा वर आणि चारही उघडले की काटा खाली. अंगात मोटर म्हंजे हृदय आणि वॉल्व्ह म्हंजे पोटातल्या, पायातल्या, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या. जेवलात की पोटाकडचा वॉल्व्ह उघडला, उन्हात गेलात की कातडीकडचा, पळायला लागलात की मांड्यांचा. रानात वॉल्व्ह फिरवायला गडी पाठवावा लागतो, अंगात ते काम स्वायत्त चेतासंस्था करते आणि मोटरचा वेगही तीच बदलते, तुम्हाला न विचारता. त्यामुळं आकडा हलणारच. हललाच नाही तर मला जास्त काळजी वाटेल.

स्वायत्त चेतासंस्था दहावीला होती, पण विसरलो. थोडक्यात सांगा.

जे काम आपण मनानं करत नाही, म्हंजे हृदयाचे ठोके, घाम, आतड्यांची हालचाल, डोळ्याची बाहुली, त्याचा कारभार बघणाऱ्या नसा. ब्रिटनमधल्या लँगली नावाच्या शास्त्रज्ञानं १८९८ साली हे नाव दिलं. दोन मुख्य फांद्या: अनुकंपी आणि परानुकंपी. पहिली धावपळीची, दुसरी निवांतपणाची.

वर्गात सगळेच ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांगतात, मीही सांगते, पण बीपीच्या बाबतीत ते उदाहरण अर्धंच चालतं. हृदयावर दोघींचाही हात आहे. पण अंगातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांवर फक्त अनुकंपीच, तिनं आवळलं की वाहिनी अरुंद आणि तिनं सैल सोडलं की रुंद, तिथं वेगळा ब्रेक असा नाहीच. आणि हृदयाचं उलटं. सगळ्या नसा बाजूला काढल्या तर हृदय आपलं आपण मिनिटाला १०० च्या आसपास ठोके देतं. मग बसल्या जागी आपली नाडी ७०-७२ कशी? तर परानुकंपीची व्हेगस नावाची नस त्याला सतत मागं खेचून धरते म्हणून. जिना चढायला लागलात की सुरुवातीची नाडी वाढते ती मुख्यतः ही ओढ सैल पडल्यामुळं, अनुकंपीचा जोर नंतर येतो. व्हेगसचा परिणाम एका ठोक्यात दिसतो, अनुकंपीला काही सेकंद लागतात. हे काही सेकंद लक्षात ठेवा, पुढं खुरपणीच्या प्रश्नात लागणारेत.

(व्हेगस हृदयाला हळू करते ते रसायन सोडून, हे ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवलं. प्रयोग स्वप्नात सुचला, रात्री उठून कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, मग दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं तेव्हा सरळ उठून प्रयोगशाळेत गेले, असं त्यांनीच सांगितलंय. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. माझं अक्षर बघून पोरी म्हणतात मॅडम तुम्हालाही मिळणार.)

पण अंगाला कसं कळतं की बीपी पडलाय?

जबड्याच्या कोपऱ्याखाली मानेत नाडी लागते ना, तिथं आत मोठी वाहिनी दोन फांद्यांत फुटते आणि त्या जागी भिंतीत ताण ओळखणारी टोकं असतात. तशीच हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत. भिंत ताणली की तिथून मेंदूच्या देठाकडं, मेडुलाकडं, जास्त सिग्नल जातात, सैल पडली की कमी. सिग्नल कमी आले की मेडुला व्हेगसला ढिली सोडते आणि अनुकंपीला कामाला लावते. हे प्रत्येक ठोक्याला चालू असतं, आत्ता हे वाचतानासुद्धा. दोन्ही बाजूंची मान एकदम दाबून प्रयोग करायचा नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

खुरपून उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. कामून? अंगात रक्त कमी आहे का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि बहुतेक बायकांचा. पात धरून तास-दीड तास उकिडवं बसायचं आणि पात संपली की झटकन उभं राहायचं. उकिडवं बसल्यावर मांड्या-पोटऱ्या घडीत दाबलेल्या असतात, तिथलं रक्त वर ढकललं जातं आणि बीपी चांगला टिकतो. उभं राहिलं की घडी सुटते, पायाच्या वाहिन्या एकदम मोकळ्या होतात आणि अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली पोटात-पायात उतरतं. हृदयाकडं परत येणारं रक्त कमी, म्हणून पुढं फेकलं जाणारंही कमी, बीपी पडला. मेंदू सगळ्यात वरती, त्यालाच आधी कमी पडतं, म्हणून अंधारी. मेडुला लगेच नाडी वाढवते पण वाहिन्या आवळायला ते वर सांगितलेले काही सेकंद लागतात. १०-१५ सेकंदांत बहुतेक निरोगी माणसांचं जागेवर येतं. उंच, सडपातळ, तरुण पोरापोरींना हे जास्त होतं, त्यात आजार असा काही नसतो.

मागच्या दिवाळीला काकूनं हे मशीनवर दाखव म्हणून हट्ट धरला. दंडाला पट्टा बांधूनच तिला खाली बसवलं, दहा मिनिटांनी उठवलं, तिला अंधारी आली तेवढ्यात बटण दाबलं. पट्टा फुगून सुटेपर्यंत अर्धं मिनिट गेलं आणि आकडा आला ११८. काकू म्हणाली, तुझं मशीन खोटं बोलतंय. खोटं नाही बोलत, उशिरा पोचतंय. घसरण दहा सेकंदांची आणि मोजणी तीस-चाळीस सेकंदांची, कशी सापडावी? मग दुसऱ्या वेळी मशीन सोडलं आणि तिच्या मनगटावर बोटं ठेवली. बसलेली असताना नाडी संथ, उभी राहिली की बोटाखाली एकदम धावायला लागली आणि पंधरा-वीस ठोक्यांनंतर पुन्हा हळू झाली. ते हळू होणं म्हंजे बीपी जागेवर आल्याची पावती. हे घरी कुणालाही करता येतं, फुकट आहे.

उपाय साधा. आधी गुडघ्यावर या, दहा आकडे मोजा, मग उठा, आणि उठता उठता पोटऱ्या आणि कुल्ले आवळा. सकाळपासून पाणी प्यायलेलं पाहिजे, रानात बायका मुद्दाम कमी पाणी पितात कारण आडोशाला जायची सोय नसते, हे मला माहितीये आणि यावर माझ्याकडं उत्तर नाही.

रक्त कमी असण्याचं म्हणाल तर अंधारीचा अर्थ ॲनिमिया असा लावायचा नाही, पण आपल्याकडच्या बायकांत हिमोग्लोबिन कमी असणं इतकं सर्रास आहे की दम लागत असेल, पाळी जास्त जात असेल, चेहरा पांढरा पडला असेल तर तपासून घ्याच. आणि अंधारी दहा-पंधरा सेकंदांत न जाता उभं असेपर्यंत राहत असेल तर पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरला दाखवायचं. साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच.

झेंडावंदनाला पोरं धाडकन पडतात, ते पण बीपीच का?

पडलेल्यांपैकी मी एक आहे. आठवीत, १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, पाहुणे उशिरा, सकाळचं ऊन मानेवर आणि सकाळपासून पोटात फक्त चहा. आधी जांभया आल्या. मग तळहात गार आणि ओले. मग भाषण करणाऱ्याचा आवाज विहिरीतून यावा तसा लांबून यायला लागला. त्याच्यापुढं थेट कुणाच्या तरी मांडीवर डोकं आणि नाकाशी कांदा.

सावधान उभं राहिलं की पोटऱ्या हलत नाहीत. चालताना पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला शिरा पिळून रक्त वर पाठवतो, ते काम बंद झालं की रक्त खाली साचत जातं. अनुकंपी बराच वेळ वाहिन्या आवळून तोल धरते. आणि मग काही जणांत अचानक उलटाच प्रकार होतो, अनुकंपी हात काढून घेते आणि व्हेगस हृदयाला मागं खेचते, म्हंजे वॉल्व्ह सगळे उघडे आणि मोटर पण मंद, दोन्ही एकाच वेळी. बीपी कोसळतो. सुई बघून, रक्त बघून, गर्दीत कोंडून पडणारी माणसं पण याच वाटेनं पडतात.

पडणं हाच खरं तर इलाज असतो. आडवं झालं की मेंदू आणि हृदय एका पातळीत येतात आणि अर्ध्या-एक मिनिटात माणूस डोळे उघडतो. म्हणून सगळ्यात वाईट गोष्ट म्हंजे दोघांनी दोन काखांत धरून त्याला उभं ठेवणं किंवा खुर्चीत बसवणं, आणि आपल्याकडं नेमकं तेच करतात. आडवं झोपवा, पाय वर उचला, गर्दी हटवा, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवायची गरज नसते, श्रेय मात्र कांद्यालाच मिळतं कारण तो हुंगवेपर्यंत माणूस उठणारच असतो.

जांभई, गार घाम, मळमळ सुरू झाली तर लाज न बाळगता खाली बसा. बसता येत नसेल तर पायाला पाय आढी घालून मांड्या, पोट, कुल्ले करकचून आवळा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढा. बीपी थोडा वर येतो आणि खाली बसायला वेळ मिळतो.

पण पळताना चक्कर येऊन पडला, झोपलेल्या अवस्थेत शुद्ध गेली, आधी छातीत धडधड किंवा दुखणं होतं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं आहे, यातलं काहीही असेल तर ते साधं समजायचं नाही, ईसीजी काढा, त्याच दिवशी.

दवाखान्यात १५०, घरी १२५. खरं कुठलं धरायचं?

घरचं, जर नीट मोजलं असेल तर. दवाखान्याचा वास, लाईन, आत बोलावल्यावरची धाकधूक, याला अनुकंपी लगेच साथ देते. त्यात आपली मोजायची पद्धत. बाकड्याला पाठ नाही, पाय लोंबकळतायत, शर्टाची बाही गोळा करून दंडाला आवळलीये, पेशंट एसटीतून उतरून सरळ आलाय आणि पट्टा फुगत असताना सुनेची तक्रार चालू आहे. नुसतं बोलल्यानं वरचा आकडा सहज दहानं वाढतो. हात लोंबकळत ठेवला तर अजून, कारण हृदयाच्या पातळीच्या खाली दर १० सेंटीमीटरला साधारण ७-८ नं आकडा वाढतो, हे साधं पाण्याच्या टाकीचं गणित आहे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी आकडा जास्तच येतो.

नीट म्हंजे असं: लघवी करून या, पाठ टेकवून पाच मिनिटं गप बसा, पाय जमिनीवर सरळ, आढी नाही, दंड उघडा आणि टेबलावर हृदयाच्या पातळीत, आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नाही. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर ठीक. दवाखान्यातच वाढणारा बीपी अगदीच सोडून द्यायचा नसतो मात्र, यातल्या काहींना पुढं खरा बीपी लागतो, म्हणून वर्षातून एकदा बघत राहायचं.

उन्हाळ्यात लो आणि थंडीत हाय, असं का?

मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की अंग थंड ठेवायला अनुकंपी कातडीच्या वाहिन्या सैल सोडते आणि घाम काढते. एकीकडं वॉल्व्ह उघडे, दुसरीकडं विहिरीतलं पाणीच कमी. बीपी उतरतो, नाडी वाढते, उठताना गरगरतं. थंडीत कातडीच्या वाहिन्या आवळतात म्हणून काही अंकांनी वर. दोन्ही आपल्या जागी बरोबरच आहे.

घाम फार गेला तर नुसतं पाणी पीत राहण्यापेक्षा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच, घोट घोट प्या. अंग भाजतंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय तर तो लो बीपीचा विषय नाही, उष्माघात आहे, अंगावर पाणी मारत मारत दवाखाना गाठा.

माझा बीपी कायम ९५/६० असतो. अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावून घेऊ का?

नको. सडपातळ पोरींचा, रोज पळणाऱ्यांचा एवढा असतोच, आणि चक्कर-अंधारी काही नसेल तर तो तुमचा नॉर्मल आहे. "लो बीपी" म्हणून दर महिन्याला बाटली लावायची आपल्याकडं फॅशन झालीये आणि मला याचा राग येतो, कारण अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ पुरे. घरी मिठाचं पाणी प्यायला नको म्हणणारा माणूस ते नसेतून पैसे देऊन घेतो. उलटी-जुलाबानं खरंच पाणी गेलं असेल, तोंडानं काही टिकत नसेल, तेव्हा सलाईन जीव वाचवतं, ती गोष्ट वेगळी. आकडा नेहमी १२० असणाऱ्याचा अचानक ९५ झाला तर तेही वेगळं, त्याचं कारण शोधायला पाहिजे.

तंबाखू खाल्ल्यावर तरतरी येते, त्यात बीपीचा संबंध आहे का?

आहे. निकोटिन अनुकंपीला डिवचतं, नाडी आणि बीपी दोन्ही लगेच वाढतात. मिश्री लावणाऱ्या आज्यांनाही हेच लागू. चहा-कॉफीचं पण थोडं असतं, रोज पिणाऱ्याला कमी जाणवतं.

जेवल्यावर सुस्ती येते ती बीपी पडल्यामुळं का?

सुस्तीला कारणं बरीच आहेत, सगळं बीपीवर ढकलू नका. पोटाकडं रक्त वळतं तेव्हा तरुण माणसाची चेतासंस्था बाकीच्या वाहिन्या आवळून भरपाई करते. म्हाताऱ्या माणसांत ती कमी पडते, म्हणून पंगतीतून एकदम उठताना आजोबांना हात द्या.

रात्रीची लाईट असली की दोन वाजता मोटर चालू करायला जावं लागतं. बीपीवर काय होतं?

झोपेत बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के उतरतो. परानुकंपीचं राज्य असतं तेव्हा, हृदयाला आणि वाहिन्यांना तेवढीच सवड. हा उतार मुख्यतः झोपेमुळं येतो, घड्याळात दोन वाजले म्हणून नाही. त्यामुळं अंधारात बॅटरी घेऊन, पायाखाली साप नाही ना बघत बांधावरून चालणाऱ्या माणसाचा बीपी त्या वेळेला दुपारसारखाच असणार. अधूनमधून झालं तर निरोगी अंग सांभाळून घेतं. हंगामभर झोप तुटत राहिली तर दिवसाचा आकडा पण हळूहळू वर सरकू शकतो, म्हणून पाळी दिल्यावर सकाळी सलग झोप काढा, आळशी म्हणोत कुणी म्हणायचं तर.

रात्री झोपेतून उठून लगेच उभ्यानं लघवी करताना पडणारे पुरुष पण बरेच असतात. उबदार पांघरुणातून उठणं, उभं राहणं, भरलेली पिशवी रिकामी होणं, सगळं एकाच मिनिटात. खाटेच्या कडेला मिनिटभर बसा आणि बसून लघवी करा. यात कमीपणा कसला?

पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर झाल्यावर चक्कर येते.

रेष ओलांडली की जागेवर थांबतोस का? तेच कारण. पळताना वरचा आकडा १६०-२०० पर्यंत जाणं नॉर्मल आहे, खालचा फारसा हलत नाही, कारण मांड्यांचे वॉल्व्ह पूर्ण उघडलेले असतात. पोटऱ्या पंपाचं काम करतायत तोवर ठीक. तू थांबलास की पंप बंद आणि वॉल्व्ह अजून उघडेच. तीन-चार मिनिटं चालत राहा. पळता पळताच चक्कर येत असेल तर मात्र वरचं ईसीजीचं वाच. सहा महिने नीट पळालास की सकाळी अंथरुणात नाडी मोज, ५५-६० वर आलेली दिसेल, ती व्हेगसची ओढ वाढल्याची खूण. जिममध्ये जड वजन उचलताना श्वास कोंडून जोर लावू नकोस, तेवढ्या क्षणापुरता बीपी कुठल्या कुठं जातो.

ओंकार, प्राणायाम यानं बीपी खरंच उतरतो का?

मनगटावर बोटं ठेवा आणि खूप हळू श्वास घ्या. श्वास आत घेताना नाडी किंचित पळते, सोडताना रेंगाळते. ते रेंगाळणं व्हेगसचं. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की मानेतल्या त्या ताण ओळखणाऱ्या टोकांचा प्रतिसाद सुधारतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हुम" दोन्ही म्हणायला लावून बघितलं, तर दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला. म्हणजे हरिपाठ निवांत म्हणणाऱ्या आजीलाही फायदा होत असणार असा माझा अंदाज, मोजलेलं नाही. परिणाम थोडा आहे, गोळीची जागा घेण्याएवढा नाही.

टेन्शननं कायमचा बीपी लागतो का?

इथं बहुतेकांची गल्लत होते. या नसांचं काम दर सेकंदाचे झोके आवरायचं, महिनोन्‌महिन्यांची सरासरी ठरवायचं नाही. कुत्र्यांवर प्रयोग झालेत, ताण ओळखणाऱ्या टोकांच्या नसा कापल्यावर त्यांचा बीपी दिवसभर वेड्यासारखा वरखाली झाला पण चोवीस तासांची सरासरी फारशी बदलली नाही. सरासरीवर मोठा हात मूत्रपिंडांचा, ती मीठ आणि पाणी किती राखतात याचा. त्यात वय, वजन, आनुवंशिकता. अनुकंपीच्या नसा मूत्रपिंडांतही जातात, म्हणून वर्षानुवर्षांच्या टेन्शनचा, अपुऱ्या झोपेचा हिस्सा आहेच, पण एका भांडणानं चढलेला १५० दुसऱ्या दिवशी राहत नाही.

आणि उलट बाजू जास्त महत्त्वाची. बीपी सतत चढा राहिला तर ती टोकं एक-दोन दिवसांत त्यालाच नॉर्मल धरायला लागतात, तक्रार करायचं बंद करतात. म्हणून "मला काही त्रास होत नाही म्हंजे बीपी नाही" हे खरं नसतं.

मग मोजायचा तरी कितीदा?

शेजारच्या एका आजोबांनी मशीन घेतल्यापासून दिवसाला दहा-बारा वेळा मोजायचा सपाटा लावला, आकडा जास्त आला की घाबरून परत मोजायचे, मग अजून जास्त यायचा. त्यांना वहीत रेघा मारून दिल्या: सात दिवस, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, दोन मोजण्यांत एक मिनिट, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. ती १२६/७८ आली. मशीन आता आजीच्या कपाटात आहे आणि किल्ली पण आजीकडंच.